वाळूच्या टेकड्या आणि निळें फुलपाखरूं

सॅन फ्रॅन्सिस्को शहराचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे तो बहुधा सोन्यापासून सांगतात. १८४८ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील अमेरिकन नदीच्या कांठीं, लांकूड कापण्याच्या एका गिरणीच्या पाटांत सोन्याचे कण सांपडले. त्या वेळीं खाडीच्या मुखाशीं जेमतेम हजार वस्तीचें एक खेडें होतें. १८७० च्या शिरगणतींत तेथें १,४९,४७३ माणसें मोजलीं गेलीं. १९०० सालीं ३,४२,७८२ आणि १९४० सालीं ६,३४,५३६. सोनें, आग, भूकंप, पूल आणि पुनः बांधणी असा हा माणसांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच भूमीवर आणखी एक इतिहास घडत होता. त्यांतील पात्रांचे पंख सव्वा इंचाहून फारसे मोठे नव्हते.

सॅन फ्रॅन्सिस्को ज्या द्वीपकल्पाच्या टोंकावर वसलें आहे, त्याच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागर आहे. तिकडून येणारा वारा किनाऱ्यावरची वाळू उचलून आंत लोटीत असे. त्यामुळें द्वीपकल्पाचा पश्चिमार्ध, आणि पूर्वेकडचाहि बराच भाग, वाळूच्या टेकड्यांनीं व्यापलेला होता. जुन्या नकाशांत या भागाला वाळूचें ओसाड रान म्हटलें आहे, आणि शहरवासी लोक त्याला नुसतें ‘बाहेरची जमीन’ म्हणत. ज्या जमिनींत घर बांधतां येत नाहीं व धान्य पिकत नाहीं ती ओसाड, हा हिशेब जगांत सर्वत्र सारखाच. वस्तुतः ही वाळू ओसाड नव्हती. तिच्यावर ल्यूपिन आणि डीअरवीड नांवाचीं झुडपें उगवत. दोन्ही शिंबी कुळांतलीं, म्हणजे आपल्या तुरीचीं व हरभऱ्याचीं दूरचीं भावंडें. वारा वाळू हलवी, जुनीं झुडपें गाडलीं जात, आणि नव्यानें उघड्या पडलेल्या जागीं नवें बीं रुजे. त्या रानाचें जीवनच अस्थिरतेवर अवलंबून होतें, ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरली.

सोन्याच्या शोधांत जे हजारों लोक आले त्यांत पिअर लॉर्कां नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. त्यानें सोनें किती मिळविलें तें सोडून देऊं. फुलपाखरें मात्र पुष्कळ मिळविलीं आणि तीं पॅरिसला ब्वाद्युव्हाल या कीटकशास्त्रज्ञाकडे पाठविलीं. १८५२ सालीं ब्वाद्युव्हालनें कॅलिफोर्नियाच्या फुलपाखरांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांतील एका निळ्या फुलपाखराला त्यानें इराणच्या झर्क्सीस बादशहाचें नांव दिलें. फ्रेंच वळणानें तें ‘झर्सीस’ झालें. नर वरून निळसर जांभळा, मादी तपकिरी. पंखांची खालची बाजू राखी रंगाची व तिच्यावर पांढरे ठिपके. कांहींच्या ठिपक्यांत काळा बिंदु असे, कांहींच्या नसे, आणि या दोहोंच्या दरम्यान नाना तऱ्हा आढळत. त्यामुळें फुलपाखरें जमविणाऱ्या हौशी लोकांना या जातीचें भारी वेड. दोन झर्सीस एकसारखीं मिळतील तर शपथ! आज निरनिराळ्या वस्तुसंग्रहालयांच्या कप्प्यांत टांचण्यांना टोंचलेलीं शेंकडों झर्सीस फुलपाखरें आहेत तीं या वेडापायींच.

या फुलपाखराचें आयुष्य वर्षांतून एकदांच बहरे. मार्च–एप्रिलमध्यें तें उडे, ल्यूपिन किंवा डीअरवीडवर अंडीं घाली, आणि मग उरलेलें सारें वर्ष अळी व कोश या अवस्थांत जाई. या कुळांतील पुष्कळ अळ्यांची मुंग्यांशीं मैत्री असते. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो, मुंग्या तो चाटतात, आणि त्याच्या मोबदल्यांत परोपजीवी माशा व गांधीलमाशा यांच्यापासून तिचें रक्षण करतात. भारतांतील निळ्या फुलपाखरांतहि ही रीत आढळते. झर्सीसच्या अळ्याहि मुंग्यांच्या पहाऱ्यांत वाढत. तेव्हां या एका लहानशा जीवाला जगावयास वाळू हवी, वाळूवरचें विशिष्ट झुडूप हवें, आणि झुडपाखालीं विशिष्ट मुंगी हवी. तीन पायांचें तिवईसारखें हें जीवन. एक पाय काढला कीं तें उभें राहत नाहीं.

हानीची पहिली नोंद फार लवकर झाली. हान्स हर्मान बेर हा मूळचा जर्मन डॉक्टर सॅन फ्रॅन्सिस्कोंत स्थायिक झाला होता आणि तेथील विज्ञान अकादमींतील फुलपाखरांचा तो जाणता होता. १८७५ सालीं त्यानें आपल्या एका मित्राला पत्र लिहून कळविलें कीं, शहराच्या आसपास झर्सीस आतां संपलें. जेथें तें मिळे तेथें आतां घरांचे भूखंड पडले आहेत, आणि जर्मनांच्या कोंबड्या व आयरिशांचीं डुकरें यांच्या तावडींत उवा व पिसवा यांखेरीज दुसरा कीटक टिकणें शक्य नाहीं. विनोदाच्या आड डॉक्टरांचा विषाद लपत नाहीं. त्याच सुमारास स्थेनेली नांवाचें दुसरें एक तपकिरी फुलपाखरूं, तेंहि ब्वाद्युव्हालनेंच १८५२ सालीं वर्णिलेलें, १८८० च्या आसपास शहरांतून व जगांतूनच नाहींसें झालें. झर्सीसच्या बाबतींत मात्र बेरचा अंदाज घाईचा ठरला. तें त्याच्या ओळखीच्या जागेवरून गेलें होतें. पश्चिमेकडच्या टेकड्यांत तें अजून साठ-पासष्ट वर्षें तग धरून राहणार होतें. जीव नामशेष होतो तो एका दिवशीं नव्हे. आधीं तो या कोपऱ्यांतून जातो, मग त्या कोपऱ्यांतून, आणि प्रत्येक वेळीं दुसरीकडे तो असेलच असें गृहीत धरण्यांत येतें.

१८७० सालीं शहरानें पश्चिमेच्या वाळूंत सुमारें हजार एकरांचें उद्यान करावयाचें ठरविलें. तेंच पुढें गोल्डन गेट पार्क म्हणून नांवारूपास आलें. विल्यम हॅमंड हॉल या इंजिनिअरापुढें पहिला प्रश्न पडला तो धांवणाऱ्या वाळूला थोपवावयाचें कसें हा. घोड्याच्या तोबऱ्यांतून सांडलेलें सातू वाळूंत उगवलें, त्यावरून त्याला युक्ति सुचली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सातू आणि ल्यूपिन यांचें बीं एकत्र पेरून त्यानें वाळू बांधली हें निश्चित. सातूनें प्रथम पकड घेतली, मागून ल्यूपिननें मुळें खोल घातलीं, आणि अशा स्थिर झालेल्या भूमीवर ऑस्ट्रेलियांतील निलगिरी, माँटेरेचे पाइन व सायप्रस हे वृक्ष उभे राहिले. पुढें जॉन मॅक्लॅरन या स्कॉटिश माळ्यानें १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत हें उद्यान वाढविलें. नागरिकांना त्याबद्दल योग्य अभिमान वाटतो. परंतु ज्या ल्यूपिनवर फुलपाखरूं जगत होतें त्याच ल्यूपिनकरवीं त्याचें रान बांधून टाकलें गेलें हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. झाडें लावणें म्हणजे निसर्ग वाढविणें असें सामान्यतः समजतात. येथें झाडांच्या छायेनेंच उघड्या वाळूवर वाढणाऱ्या जीवांचा घांस घेतला.

१९०६ च्या भूकंपांत व त्यामागून लागलेल्या आगींत विज्ञान अकादमीचे बहुतेक संग्रह जळाले. अ‍ॅलिस ईस्टवुड या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनीं मोडक्या जिन्यावरून चढून सुमारें दीड हजार मोलाचे वनस्पतिनमुने वांचविले ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कीटकांना तसा तारणहार मिळाला नाहीं. जळलेलें शहर पुनः बांधण्यासाठीं विटा लागल्या, आणि विटांसाठीं पूर्वेकडील अँटिऑक येथील नदीकांठच्या वाळूच्या टेकड्या खणल्या गेल्या. अर्थात् एका ठिकाणचा भूकंप दुसऱ्या ठिकाणच्या कीटकांना असा भोंवला.

‘बाहेरच्या जमिनी’चा खरा शेवट मात्र रेल्वेच्या रुळांनीं केला. १९१८ सालीं ट्विन पीक्स टेकडीखालचा बोगदा सुरू झाला, १९२८ सालीं सनसेट बोगदा. यामुळें पश्चिमेच्या वाळवंटांतून बाजारपेठेंत पोंचावयास मिनिटें पुरूं लागलीं. सनसेट व रिचमंड या पेठांत हेन्री डोल्जरसारख्या बांधकामवाल्यांनीं एकाला एक चिकटलेलीं घरें ओळीनें उभीं केलीं. मध्यम स्थितीच्या हजारों कुटुंबांना त्यांत स्वतःचें छप्पर मिळालें. त्यांना कोणी दोष द्यावा असें नाहीं. घर बांधतांना पायाखालीं कोणती अळी गाडली जाते याचा विचार करण्याची रीत तेव्हां नव्हती, आणि कित्येक शहरांत ती अद्यापहि नाहीं.

शेवटीं झर्सीस उरलें तें प्रेसिडिओच्या आवारांत. प्रेसिडिओ म्हणजे स्पॅनिश लोकांनीं १७७६ सालीं वसविलेलें लष्करी ठाणें. लष्कराची जमीन असल्यामुळें तेथें भूखंड पडले नाहींत. तेथील लोबोस ओढ्याजवळ २३ मार्च १९४१ रोजीं हॅरी लँग या तरुण कीटकशास्त्रज्ञानें कांहीं झर्सीस पकडलीं. १९४३ पर्यंत तें दिसल्याचेंहि कांहीं ठिकाणीं म्हटलें आहे. त्यानंतर मात्र कोणालाच दिसलें नाहीं. अजून पुष्कळ असतील असेंच आपल्याला वाटलें, असें लँग यांनीं फार वर्षांनीं कबूल केलें. बेर यांनीं मृत्यूची वार्ता अकालीं दिली, लँग यांना ती कळलीच नाहीं.

प्रेसिडिओंतील वाळू सर्व गेलेली नव्हती, डीअरवीडहि थोडेंफार होतें. मग तें तेथूनहि कां गेलें? एक मत असें कीं, तुकड्यातुकड्यांत उरलेली वस्ती इतकी लहान झाली होती कीं एखादें वाईट वर्षहि तिला पुरेसें होतें. दुसरें मत मुंग्यांकडे बोट दाखवितें. दक्षिण अमेरिकेंतून जहाजांबरोबर आलेली अर्जेंटिनाची मुंगी विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅलिफोर्नियांत पसरली. जेथें माणसाची वस्ती व पाण्याचा ओलावा तेथें ही मुंगी फोफावते आणि देशी मुंग्यांना हांकून लावते. राखणदार गेला आणि त्याच्या जागीं आलेल्यानें कामाचा करारच मान्य केला नाहीं, असें झालें असावें. यांपैकीं एकच कारण खरें मानण्याचें कारण नाहीं. तिवईचे तीनहि पाय एकदमच कुरतडले जात होते.

मनुष्याच्या विचारांत या मृत्यूमुळें फरक पडला, पण तो पडावयास तीस वर्षें लागलीं. १९७१ सालीं रॉबर्ट मायकेल पाइल या तरुण अभ्यासकानें पाठीचा कणा नसलेल्या जीवांच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली आणि तिला या हरवलेल्या फुलपाखराचें नांव दिलें. १९७३ सालीं अमेरिकेनें संकटग्रस्त जातींचा कायदा केला, आणि १९७६ सालीं कॅलिफोर्नियाचीं सहा फुलपाखरें त्या कायद्याच्या आश्रयाखालीं आलीं. त्यांतील एक अँटिऑकच्या खणलेल्या वाळूंतलें, आणि त्याचें नांव लँग यांच्या नांवावरूनच ठेवलेलें. दुसरीं दोन, मिशन निळें आणि सॅन ब्रूनो एल्फिन, शहराच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या सॅन ब्रूनो पर्वतावर वस्ती करून होतीं.

हा पर्वत जेमतेम तेराशें फूट उंच आहे. त्याच्या उतारांवर घरें बांधावयाचीं, कीं ते फुलपाखरांना सोडावयाचे, असा तंटा पेटला. कायदा सरळ होता: संकटग्रस्त जीव मारावयाचा नाहीं. अखेरीस तडजोड निघाली. उतारांचा कांहीं भाग बांधकामाला द्यावा, बाकीचा कायमचा मोकळा राखावा, आणि नव्या घरमालकांनीं दरसाल थोडी वर्गणी भरून त्या मोकळ्या भागाची निगा करावी. त्यासाठीं १९८२ सालीं मूळ कायद्यांतच दुरुस्ती झाली, आणि १९८३ मध्यें या पर्वताला देशांतला तशा प्रकारचा पहिला परवाना मिळाला. पुढें शेंकडों ठिकाणीं हाच नमुना वापरण्यांत आला. त्याबद्दल दोन मतें आहेत. एका पक्षाच्या मतें त्यामुळें कीटकांना प्रथमच कायदेशीर हिस्सा मिळाला. दुसऱ्या पक्षाच्या मतें जें पूर्ण त्यांचें होतें त्यांतूनच हिस्सा तोडून दिला. दुसरा पक्ष तर्कानें बळकट आहे, पण पर्वतावर आजहि मिशन निळें उडतें हें पहिल्या पक्षाच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे.

येथवरची कथा शहराच्या वाढीची झाली. शहराची वाढ डोळ्यांना दिसते. हवामानाचा फेर दिसत नाहीं. तो दिसावयाचा तर कोणीतरी एकाच जागीं वर्षानुवर्षें बसून मोजीत राहावें लागतें. तसा मनुष्य शहराच्या दक्षिणेस स्टॅनफर्ड विद्यापीठांत होता. पॉल अर्लिक यांनीं १९६० पासून जॅस्पर रिज या टेकडीवरील ‘चेकरस्पॉट’ नांवाच्या चौकटींच्या नक्षीच्या फुलपाखरांची दरवर्षीं गणती चालविली. हें फुलपाखरूं सर्पेंटाइन खडकाच्या निकस मातींत वाढणाऱ्या एका इवल्या वनस्पतीवर जगतें. वसंतांत त्याच्या अळ्यांना एक शर्यत जिंकावी लागते. पाऊस थांबून ती वनस्पति वाळून जाण्याच्या आंत त्यांना पुरेसें वाढून दीर्घ निद्रेंत जावें लागतें. चार दिवस उशीर झाला तरी उपासमार ठरलेली. पाऊस एखाद्या वर्षीं अतोनात, एखाद्या वर्षीं अगदींच थोडा, असा लहरी झाला कीं ही शर्यत पुनः पुनः हरली जाते. १९७१ नंतर तेथील पावसाची लहर वाढली होती. १९९० च्या दशकाअखेरीस जॅस्पर रिजवरचें फुलपाखरूं नाहींसें झालें, आणि २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें या अंताला हवामानांतील फेरानें घाई केली असें दाखविलें. जमीन राखीव होती, तिच्यावर एक वीटहि चढली नव्हती.

त्याच जातीचा शोध कॅमिल पार्मेसान या बाईंनीं मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत घेतला. पूर्वी जेथें हीं फुलपाखरें नोंदलेलीं होतीं अशा दीडशें ठिकाणीं त्या स्वतः गेल्या. १९९६ सालीं त्यांनीं जें प्रसिद्ध केलें त्यानें पुष्कळांची झोंप उडाली: दक्षिणेकडच्या वस्त्या उत्तरेकडच्यांच्या चौपट प्रमाणांत नष्ट झाल्या होत्या, आणि उंच डोंगरांवरच्या वस्त्या सर्वांत सुरक्षित होत्या. संबंध जातच जणूं थंडाव्याच्या शोधांत उत्तरेकडे व वर सरकत होती. सरकावयाला वाट असेल तर ठीक. मध्यें शहर पसरलेलें असेल तर पाखरानें जावें कोठून? या ठिकाणीं शहर व हवामान या दोन स्वतंत्र कथा राहत नाहींत.

त्या दोहोंना जोडणारा आणखी एक धागा अगदींच अनपेक्षित निघाला. सॅन होझे शहराजवळच्या सर्पेंटाइन टेकड्यांवर चेकरस्पॉट अद्याप होतें. तेथें गुरें चरत, म्हणून फुलपाखरांच्या कैवाऱ्यांनीं गुरें हलविलीं. आणि फुलपाखरें कमी झालीं! स्टुअर्ट वाइस यांनीं १९९९ सालीं याचा उलगडा केला. महामार्गावरच्या मोटारींच्या धुरांतील नत्राचीं संयुगें टेकडीवर उतरतात. निकस मातीला तें आयतें खत होतें, त्यावर परदेशी राईगवत माजतें, आणि फुलपाखराची इवली वनस्पति त्याखालीं दडपते. गुरें तें गवत खात होतीं म्हणूनच फुलपाखरूं जगलें होतें. तेव्हां गुरें परत आणावीं लागलीं. शहराची हद्द जेथें संपते तेथें शहराचा परिणाम संपत नाहीं, त्याचा याहून स्पष्ट दाखला क्वचित् मिळेल.

परंतु सर्वच परकी झाडांना वैरी म्हणून भागत नाहीं. आर्थर शपिरो यांनीं १९७२ पासून खाडीच्या दलदलीपासून सिएरा नेवाडाच्या शिखरांपर्यंत ठरलेल्या जागीं पायीं फिरून फुलपाखरें नोंदलीं. त्यांची एक गमतीची रीत होती. वर्षांतलें कोबीवरचें पहिलें पांढरें फुलपाखरूं जो आणून देईल त्याला ते बिअर पाजीत, आणि बहुतेक वेळां तें स्वतःच जिंकत. त्या शर्यतीच्या तारखा वर्षांमागून वर्षें अलीकडे सरकत गेल्या ही गोष्ट मात्र गमतीची नव्हे. डेव्हिस या गांवच्या घरांभोंवतालीं अंडीं घालणाऱ्या ३२ जातींपैकीं २९ जाती परदेशांतून आलेल्या वनस्पतींवर पोसतात असें त्यांना आढळलें. युरोपांतून येऊन रस्त्याकडेला माजलेली बडीशेप हें त्यांतलेंच एक उदाहरण. तिच्यावर तेथील एक मोठें पिवळें-काळें फुलपाखरूं सुखानें वाढतें. गचपण साफ करून नीटनेटकी हिरवळ लावणारा नागरिक नकळत पाळणेच उपटीत असतो. तरीहि एकंदर पत्रक तोट्याचेंच आहे. पश्चिम अमेरिकेंतील साडेचारशेंहून अधिक जातींच्या नोंदींवरून २०२१ सालीं जो निष्कर्ष निघाला तो असा कीं, चार दशकांत फुलपाखरांची संख्या दरसाल शेंकडा १.६ नें घटली. चाळीस वर्षांच्या व्याजाचा हिशेब ज्याला येतो त्याला शंभराचे सुमारें बावन्न उरतात हें कळेल. ही घट राखीव रानांतहि आढळली, आणि शरद् ऋतु जेथें अधिक तापला तेथें ती अधिक होती.

२०२१ सालींच शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ९३ वर्षांच्या एका झर्सीसच्या शरीरांतून अनुवंशद्रव्य काढण्यांत आलें आणि तें शेजारच्या रुपेरी निळ्या फुलपाखराहून वेगळी जात होतें हें सिद्ध झालें. म्हणजे गेलें तें एका सामान्य जातीचें स्थानिक रूप नव्हतें. प्रेसिडिओवरचा लष्कराचा ताबा १९९४ सालीं उठला होता. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर लोबोस ओढ्याजवळच्या टेकड्यांवरून परकीं झाडें काढून वाळू पुनः मोकळी करण्यांत आली आणि डीअरवीड लावण्यांत आलें. २०२४ च्या एप्रिलमध्यें दक्षिणेकडील माँटेरे भागांतून आणलेलीं कांहीं डझन रुपेरी निळीं फुलपाखरें तेथें सोडलीं गेलीं. तीं झर्सीस नव्हेत, त्याचीं जवळचीं चुलत भावंडें होत. त्यांच्या अळ्यांनाहि डीअरवीड चालतें, आणि त्यांनाहि मुंग्या लागतात. म्हणून जागा निवडतांना झुडपांच्या जोडीनें वाळूंतील मुंग्यांचाहि विचार करावा लागला. ज्या ओढ्याजवळ हॅरी लँग जाळें घेऊन उभे होते, तेथेंच त्या दिवशीं माणसें हातांतल्या पेट्यांचीं झांकणें उघडीत होतीं.